धबधब्याच्या गावी मागे राहिलेली माणसं

मे महिन्यात सोलापुरात राहणाऱ्याला पाण्याची स्वप्नं पडली तर त्यात नवल नाही. आमच्या पूर्व भागात नळाला पाणी येणार म्हटलं की अख्खी गल्ली बादल्या घेऊन जागी असते. अशा दिवसांत मुलीनं आम्हा दोघांना आफ्रिकेतला व्हिक्टोरिया धबधबा बघायला पाठवलं, मराठी मंडळींच्या सहलीबरोबर. मी महापालिकेच्या शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका. आमचे हे, अंबादास, यांचा टॉवेलचा कारखाना होता, तो आता भाच्याकडे आहे. ह्यांच्या छातीत स्टेंट बसवलेले. म्हणून मुलीचं म्हणणं होतं, फिरायचं तर आत्ताच फिरून घ्या.

परत आल्यावर सगळे फोटो मागतात. फोटो आहेत ते धबधबा बघितला त्या दिवसापर्यंतचेच. पुढचं कुणी विचारलं की हे उठून आत जातात. म्हणून मीच लिहिते आहे, आणि इंदूताईंना विचारून लिहिते आहे.

मुंबई विमानतळ

इंदूताई आणि भानुदासराव आम्हाला विमानतळाच्या रांगेत भेटले. कुर्डुवाडीचे. भानुदासराव तिथल्या रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते. उंच, सावळे, मिशा पांढऱ्या, नवं जाकीट घातलेलं आणि त्याची चेन पार गळ्यापर्यंत ओढलेली. इंदूताईंनी पाचवारी साडीखाली पांढरे बूट घातले होते आणि त्या सारख्या बुटांकडे बघत होत्या.

"मुलानं घेतलेत," त्या मला म्हणाल्या. "बेंगलोरला असतो. म्हणला, चपला घालून जायचं न्हाय."

माझ्या पिशवीतून शेंगाच्या चटणीचा वास आला असावा. त्या हसल्या. "तुमी बी चटणी घेतली व्हय? आमचे दोन डबे हायती."

तेवढ्यावर ओळख झाली. पुढं विमानात, बसमध्ये, जेवणाच्या टेबलावर आम्ही चौघं एकत्रच बसायचो. बाकीची मंडळी पुण्या-मुंबईची, आधी चार देश बघून आलेली. आमच्या बोलण्यात ती नसत आणि त्यांच्या बोलण्यात आम्ही नसायचो.

धबधबा

धबधब्याच्या आधी त्याचा आवाज येतो. हॉटेलपासून बस निघाली तसा तो वाढत गेला. हे एकदम म्हणाले, "अगं, हा आपल्या कारखान्यातला आवाज आहे. सगळे माग एकदम सुरू केल्यासारखा." खरंच तसा होता. छातीत जाऊन बसणारा, ज्यात शेजारच्याशी बोलायचं तर ओरडावं लागतं.

दारात भाड्यानं रेनकोट मिळतात. आम्ही निळे घेतले. आत झाडीतून वाट जाते आणि मधूनमधून कड्यापर्यंत फाटे फुटतात. पहिल्या फाट्यावर गेलो आणि मला पहिल्यांदा काही दिसलंच नाही. नुसतं पांढरं. मग वारा फिरला आणि समोरचा पडदा बाजूला झाला. नदी जमिनीवरून सरळ चालत येते आणि जमीनच संपते. नदीला ते कळत नाही असं वाटतं. पाणी खाली जाऊन आपटतं आणि त्याचा धूर होऊन पुन्हा वर येतो, आपल्या डोक्याच्याही वर, आणि मग पावसासारखा अंगावर पडतो. वरून एक आणि खाली दरीत एक अशी दोन इंद्रधनुष्यं होती. चष्मा पुसून पुसून माझा पदर भिजला. मी रडले का ते सांगता येणार नाही, कारण चेहरा ओलाच होता.

पण थंडी वाजत होती. मे महिना म्हणजे तिकडच्या हिवाळ्याची सुरुवात. भानुदासराव दर थोड्या वेळानं बाकावर बसत होते. इंदूताईंनी त्यांचा दंड घट्ट धरला होता. मला वाटलं बाई निसरड्याला घाबरतेय.

"पित्त झालंय," भानुदासराव म्हणाले. "सकाळी ती अंडी खायला नको हुती."

टूर मॅनेजर निखिलनं त्यांना पाण्यात घालून इनोसारखं काहीतरी दिलं. त्यांनी ढेकर दिली आणि बरं वाटतंय म्हणाले.

धबधब्यापेक्षा त्यांना पुढचा पूल बघायचा होता. दरीवर लोखंडाची एकच कमान, इंग्रजांच्या काळातली, वरून रेल्वे जाते. एका बाजूला झिंबाब्वे, दुसऱ्या बाजूला झांबिया. भानुदासराव कठड्यावर हात फिरवत हळूहळू चालले. "काम बगा की," ते ह्यांना म्हणाले, "लई निगुतीनं केलंय." तेवढ्यात झांबियाकडून एक मालगाडी आली, अगदी पावलापावलानं. भानुदासराव एका बाजूला ताठ उभे राहिले आणि त्यांनी हात वर केला. इंजिनातल्या माणसानं खिडकीतून बाहेर वाकून हात हलवला. गाडी जाईपर्यंत भानुदासरावांनी हात खाली घेतला नाही. आमच्याकडच्या शेवटच्या फोटोत ते असेच आहेत.

हॉटेल

दुसऱ्या दिवशी सकाळी नाश्ता करून बोट्स्वानाच्या जंगलात हत्ती बघायला निघायचं होतं. बॅगा बसमध्ये चढल्या होत्या. भानुदासरावांनी चहाचा कप अर्धा ठेवला आणि म्हणाले, "जरा भाईर हवेत जातो." काचेच्या दारातून ते हिरवळीवर गेलेले आम्हाला दिसले. मग ते गुडघ्यावर बसले, काहीतरी पडलेलं उचलायला बसावं तसे, आणि आडवे झाले.

हॉटेलच्या माणसांनी उचलून गाडीत घातलं, दवाखान्यात नेलं. डॉक्टर तरुण बाई होती. तिनं बराच वेळ प्रयत्न केला. मग हातमोजे काढले आणि इंदूताईंच्या दोन्ही खांद्यांवर हात ठेवून इंग्रजीत सांगितलं. इंदूताईंनी माझ्याकडे बघितलं. ते वाक्य मराठीत मला म्हणावं लागलं.

त्या ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, "बूट काढा त्यांचं. पाय सुजत्यात."

पुढचं निखिल फोनवर बोलून बोलून आम्हाला सांगत होता. असा अचानक मृत्यू झाला की पोलीस येतात, शवविच्छेदन करावं लागतं. त्याची सोय या गावात नाही, बुलावायो नावाच्या शहरात आहे, मोटारीनं अर्धा दिवस लागतो. भारतात न्यायचं तर वकिलातीचे कागद, विमानाची परवानगी, आठवडा तरी जाणार. मुलाचा पासपोर्ट संपलेला. तो येऊ शकत नव्हता.

दुपारी बस निघायची वेळ झाली. मंडळी पायऱ्यांवर उभी होती. कुणी वाईट नव्हतं. बायकांनी इंदूताईंना जवळ घेतलं, एकीनं स्वतःची शाल दिली. पण पुढची विमानं, पुढची हॉटेलं ठरलेली होती आणि प्रत्येकाची नजर बसकडे जात होती.

"काकू, आमच्या कंपनीचा इथला एजंट आहे," निखिल मला म्हणाला. "तो सगळं करेल. इंदूमावशी एकट्या नाही पडणार."

"त्याला मराठी येतं?"

"नाही."

"हिंदी?"

त्यानं नकारार्थी मान हलवली. त्याचेही डोळे लाल झाले होते. तीस माणसांची जबाबदारी त्याच्यावर होती, हे मला दिसत होतं.

"मग मी थांबते," मी म्हटलं.

हे माझ्यामागे उभे होते. घरात आम्ही तेलुगूच बोलतो. "पद," ते म्हणाले. चल. मी वळले तर ह्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता. मला बाजूला घेऊन म्हणाले, "सरोजा, मी त्याच्याच टेबलावर बसलो होतो. मला हे बघवत नाही. इथं राहिलो तर मलाही काहीतरी होईल."

"तिला इंग्रजीचा एक शब्द येत नाही."

"आपण डॉक्टर आहोत का? पोलीस आहोत? काय करणार आहेस तू?"

"बसणार आहे तिच्याजवळ."

मी पर्समधून त्यांच्या गोळ्यांची डबी काढून त्यांच्या हातात दिली. लग्न झाल्यापासून ह्यांच्या औषधाची वेळ त्यांना स्वतःला कधी लक्षात ठेवावी लागली नव्हती. सकाळची कुठली, रात्रीची कुठली ते सांगितलं. ते डबीकडे बघत राहिले. मग बसमध्ये चढले. बस फाटकातून बाहेर जाईपर्यंत मला वाटत होतं ती थांबेल. ती थांबली नाही.

इंदूताई खोलीत जमिनीवर बसल्या होत्या, पलंगाला पाठ लावून. मी शेजारी बसले. मग दार वाजलं. खोल्या झाडणारी थांडिवे नावाची पन्नाशीची बाई होती. तिनं दाराबाहेर चपला काढल्या, आत आली आणि आमच्यासमोर पाय लांब करून जमिनीवर बसली. "सॉरी, मामा," एवढंच म्हणाली. मामा म्हणजे तिकडं आई. थोड्या वेळानं दुसरी आली, स्वयंपाकघरातली. मग आणखी. सगळ्यांनी कमरेला कापड गुंडाळलेलं. काम संपेल तसतशी एकेक येत होती आणि भिंतीशी बसत होती. कुणी काही विचारत नव्हतं. मधूनच एकीनं गुणगुणायला सुरुवात केली आणि बाकीच्यांनी तिच्यात आवाज मिसळला, इतका हळू की बाहेर ऐकू जाऊ नये.

मी थांडिवेला विचारलं, तुमच्यात असंच करतात का? ती म्हणाली, ज्या घरात कुणी मेलं त्या घरात बाई खुर्चीवर बसत नाही आणि तिला एकटीला बसू देत नाहीत. मी म्हटलं, आमच्याकडेही असंच होतं. होतं म्हणताना मला आमच्याकडचं आठवलं. हल्ली लोक गाडी बाहेर चालू ठेवून पाच मिनिटं भेटून जातात.

संध्याकाळी त्यांनी मक्याच्या पिठाचा घट्ट शिजवलेला गोळा आणि शेंगदाण्याच्या कुटातली पालेभाजी आणली. त्या गोळ्याला साद्झा म्हणतात, हातानंच खातात. इंदूताईंनी सकाळपासून पाणीही घेतलं नव्हतं. थांडिवेनं त्यांच्या हातात लहानसा घास करून दिला. त्यांनी तो खाल्ला, आणि मग पहिल्यांदा रडल्या.

अंबादास

दुसऱ्या दिवशी एजंटाबरोबर पोलीस ठाण्यात जाऊन आलो. जबाब मी भाषांतर करून दिला. दुपारी खोलीत परत येऊन बसलो होतो. बायका होत्याच. दारात सावली पडली म्हणून बघितलं, तर हे उभे. हातात बॅग, शर्ट मळलेला.

सरहद्दीपलीकडून टॅक्सी करून आले होते. ज्या माणसाला मुंबईत रिक्षावाल्याशी हिंदी बोलायला लाज वाटते तो दोन देशांच्या शिक्क्यांच्या खिडक्यांपुढे एकटा उभा राहून आला होता. नंतर कधीतरी म्हणाले, "हत्ती पाण्यावर आले होते. सगळे फोटो काढत होते. मला कुणाला तरी सांगायचं होतं, आणि तू नव्हतीस."

त्यांनी बूट काढले. बायकांच्या रांगेत, भिंतीशी, जमिनीवर बसले. इंदूताई म्हणाल्या, "आलात भाऊ?" हे मान खाली घालून बसून राहिले.

बुलावायो

भानुदासराव पुढच्या गाडीत होते, आम्ही मागच्या. रस्ता सरळ आणि दोन्ही बाजूंना पिवळं गवत. मधूनच गोरखचिंचेची प्रचंड झाडं, पानं गळालेली. कोळशाच्या खाणींपाशी हवा काळी झाली. रस्त्याच्या कडेला बायका डोक्यावर पाण्याचे डबे घेऊन चालल्या होत्या. इंदूताईंची नजर पुढच्या गाडीवर होती. ती वळणाआड गेली की त्या पुढे सरकून बसत.

वाटेत त्या म्हणाल्या, "मला म्हाईत हुतं ओ. जिना चढताना दम लागत हुता त्यांना, दिवाळीपासनं. म्हणलं डॉक्टरकडं चला. म्हणले, पोरानं एवढ्या हौसेनं तिकिटं काढल्यात, डॉक्टर न्हाय म्हणला म्हंजे? आलं की जाऊ." मग म्हणाल्या, "त्या धबधब्याकडं मी बघितलंच न्हाय. त्यांच्या छातीकडं बघत हुते."

शवागार म्हणजे विटांची बैठी इमारत. शवविच्छेदन झालं. हृदयच होतं. तिथला माणूस गमबूट घातलेला, वयस्क, अदबीनं बोलणारा. तो मला म्हणाला, "मॅडम, मी तुम्हाला खोटं सांगणार नाही. इथं वीज जाते ती कधी येईल सांगता येत नाही. जनरेटरला डिझेल मिळालं तर चालतो. तुम्ही आठवडाभर म्हणताय."

मी हे इंदूताईंना सांगू की नको या विचारात होते. पण त्यांनी आत जाऊन बघायचं ठरवलं. मी बरोबर गेले. आत दिवा नव्हता, दार उघडं ठेवून उजेड केला होता. त्यांनी चादर जरा बाजूला केली, कपाळावर हात ठेवला, आणि पुन्हा नीट झाकलं. बाहेर येऊन पायरीवर बसल्या.

"वास यायला लागलाय," त्या म्हणाल्या. "मुलाला फोन लावा."

मी लावला आणि त्यांच्या हातात दिला. मुलाचा आवाज मलाही ऐकू येत होता.

"आई, मी सगळ्यांशी बोलतोय. वकिलातीशी बोलतोय. आठवडा लागू दे, पण दादांना घरी आणायचं. गाव वाट बघतंय."

"आठवडाभर ते ऱ्हायचं न्हायती, बाळा. हितं लाइट न्हाय."

"काहीतरी व्यवस्था असेल ना! तू कुणाचं ऐकू नकोस."

"मी हात लावून बघून आले. तू बघितलं न्हाईस. हितंच करू."

"अग्नी कोण देणार? मी जिवंत असताना? आई, भावकी काय म्हणेल मला?"

"सांग, आईनं केलं."

त्यानं फोन बंद केला.

बुलावायोत थोडी गुजराती घरं आहेत. एका किराणा दुकानदाराचा पत्ता एजंटानं काढला. ते म्हातारे गृहस्थ काहीही न विचारता दुकान नोकरावर सोपवून आले. लाकडं, तूप, पांढरं कापड, सगळं त्यांनी जमवलं. गावाबाहेर, बाभळीसारख्या काटेरी झाडांच्या आड त्यांची दहनाची जागा होती. चार-पाच गुजराती माणसं आली. भानुदासरावांना एकानंही जिवंत बघितलं नव्हतं.

"अग्नि कौन देगा, बहन?" त्या म्हाताऱ्या दुकानदारांनी विचारलं.

इंदूताई ह्यांच्याकडे वळल्या. "भाऊ, तुमी द्या."

हे मागे सरले. "मी? वहिनी, मी तुमच्या नात्यातला नाही. जातीतला नाही. तुमच्या मुलाला..."

"त्यांच्या टेबलावर तुमी जेवलात की. द्या."

ह्यांच्या हातातली पेटती काडी दोनदा विझली. त्या म्हाताऱ्या गुजराती गृहस्थांनी ह्यांच्या मनगटाखाली हात धरला. मग लागलं. वारा नव्हता, धूर सरळ वर गेला. ह्यांनी तोंड फिरवलं नाही. शेवटपर्यंत उभे राहिले, आणि संपल्यावर झाडामागे जाऊन ओकले.

अस्थी दुसऱ्या दिवशी गोळा केल्या. दुकानदाराच्या बायकोनं पितळेचा लहान हंडा दिला आणि वर लाल कापड बांधलं. विमानात तो इंदूताईंच्या मांडीवर होता. विमान खाली उतरताना हवाई सुंदरी म्हणाली, हे वरच्या कप्प्यात ठेवा. त्यात काय आहे ते मी तिला सांगितलं. ती गुपचूप पुढं गेली.

कुर्डुवाडी

मुंबईच्या विमानतळावर मुलगा आला होता. त्यानं हंडा हातात घेतला, कपाळाला लावला आणि तिथंच रडला. मग आईला म्हणाला, "आई, गावात सांगायचं की सरकारनं बॉडी न्यायला परवानगी दिली नाही. आणि अग्नी तिथल्या ब्राह्मणानं दिला. एवढं तरी कर."

"न्हाय," त्या म्हणाल्या. "जे केलं ते मी केलं."

मुलगा आमच्याकडे न बघता गाडीकडे गेला. दहाव्याला, तेराव्याला आम्हाला बोलावणं आलं नाही.

जूनच्या शेवटी आम्हीच गाडीनं कुर्डुवाडीला गेलो. बरोबर काही न्यावं की नको ते कळेना, म्हणून नुसतेच गेलो. इंदूताई बारीक झाल्या होत्या. घरात त्यांचे मोठे दीर बसले होते, धोतर, टोपी, समोर चहाचा कप. मुलगा बेंगलोरला परत गेला होता. फोन आठवड्यातून एकदा येतो, त्या म्हणाल्या, पण बोलते सून.

दिरांनी विचारलं, "पाव्हणं कुठलं?"

मी घाईनं काहीतरी म्हणायला गेले. इंदूताईंनी मला बोलू दिलं नाही.

"ह्ये सोलापूरचे अंबादास भाऊ," त्या म्हणाल्या. "ह्येंनीच अग्नी दिला तुमच्या भावाला."

दिरांनी ह्यांच्याकडे बघितलं. रागानं नाही, नुसतं बघितलं, जणू चेहऱ्यात काहीतरी शोधत होते. मग टोपी सारखी केली, गुडघ्यावर हात टेकून उठले आणि चपला घालून निघून गेले. चहा तसाच राहिला होता. हेही उठायला लागले. ह्यांना वाटलं, आपल्यामुळे घरात आणखी तेढ नको.

"बसा भाऊ," इंदूताई म्हणाल्या. "आल्यापासनं असंच चाललंय. जो येतो त्याला सांगते, मग तो पुन्हा येत न्हाय. खोटं बोलून माणसं जोडायची म्हंजे त्यांना पुन्हा एकदा मारल्यासारखं व्हतंय." त्यांनी कप उचलला, चहा मोरीत ओतला, आणि परातीत पीठ काढलं. "भाकरी टाकते. जेवल्याबिगर जायचं न्हाय."

हे पुन्हा खाली बसले. इंदूताईंनी पहिली भाकरी ह्यांच्या ताटात वाढली आणि स्वतः समोर बसून राहिल्या, हे खातात की नाही ते बघत. ह्यांनी भाकरी मोडली. मग ह्यांनी ताट पूर्ण संपवलं.